७८ वर्षांचे रुग्ण, फुफ्फुसाचा कॅन्सर आणि रेडिएशन : 'किती आयुष्य' सांगणारा आकडा कितपत धरायचा?

रानजाई

माझ्या सासऱ्यांचं वय ७८. फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय. नॉन-स्मॉल सेल (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार), तिसरी स्टेज. छातीच्या मधल्या भागातल्या गाठींपर्यंत पोचलाय, त्यामुळे ऑपरेशन होणार नाही असं सांगितलं. सहा आठवडे रेडिएशन, आठवड्याला पाच सिटिंग, आणि झेपलं तर सोबत हलकी किमो, असा विचार आहे.

घरात दोन तट पडलेत. नवऱ्याने नेटवर एक कॅल्क्युलेटर शोधला. वय, स्त्री की पुरुष, स्टेज, गाठीचा आकार, पेशींचा प्रकार, रेडिएशन घेतलं की नाही, एवढं भरलं की एक, तीन आणि पाच वर्षं जगण्याची शक्यता टक्क्यांत येते. 'रेडिएशन नाही' भरलं की आकडा घसरतो, 'घेतलं' भरलं की वर जातो. नवरा म्हणतो, यात विचार कसला करायचा, घ्यायचंच. दीर म्हणतात, घेऊनही तीन वर्षांचा आकडा एवढाच असेल तर त्यांची रोज ने-आण करून हाल कशाला करायचे. दोघं एकाच स्क्रीनकडे बोट दाखवून भांडतायत.

हा आकडा नेमका कशावरून काढतात? वयस्कर माणसाच्या बाबतीत तो कितपत खरा ठरतो? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा. सासरे स्वतः अजून काहीच बोललेले नाहीत.

निवांत

वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे, फक्त काकांचं वय ८३ आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

किरणशलाका

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत काम करते. रिपोर्ट पाहिलेले नाहीत, म्हणून सासऱ्यांबद्दल काही भाकीत करणार नाही. विचार कसा करतात ते सांगते.

सगळ्यात आधी हे बघायचं की रेडिएशन कशासाठी देतायत. गाठ लहान आहे, कुठे पसरलेली नाही, पण वयामुळे किंवा दम्यासारख्या त्रासामुळे ऑपरेशन झेपणार नाही, अशा माणसाला मोजक्याच सिटिंगमध्ये मोठा डोस नेमका गाठीवर देतात. त्याला एसबीआरटी म्हणतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी ०२३६ या अभ्यासात असेच ५५ रुग्ण होते. तीन वर्षांनी जवळपास ९८ टक्के लोकांत मूळ गाठ ताब्यात होती. पण हयात होते ५६ टक्के. काहींचा आजार दुसरीकडे निघाला, काही जण आधीपासूनच्या दुखण्यांनी गेले. गाठ आटोक्यात राहणं आणि माणूस हयात असणं यांत वयस्कर रुग्णांमध्ये एवढी तफावत पडू शकते.

तुमच्याकडचा प्रसंग दुसरा आहे : तिसरी स्टेज, सहा आठवडे, उद्देश आजार शक्य तितका घालवण्याचा. यावर खास सत्तरीपुढच्यांसाठी झालेली एक जपानी चाचणी आहे, जेसीओजी ०३०१. २०० रुग्ण होते. अर्ध्यांना फक्त रेडिएशन, अर्ध्यांना रेडिएशनसोबत रोज कमी डोसचं कार्बोप्लॅटिन. नुसत्या रेडिएशनच्या गटात मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याच्या आधी गेले आणि निम्मे नंतर, तो काळ) १६.९ महिने आलं, किमो जोडलेल्या गटात २२.४ महिने. रक्तपेशी उतरण्याचा त्रास किमोच्या गटात जास्त झाला. मात्र ही सगळी माणसं चाचणीत घेण्याइतकी धडधाकट होती, हे विसरू नका.

तिसरा प्रसंग आजार सर्वत्र पसरल्यावरचा. तिथे रेडिएशन वेदना, खोकल्यातलं रक्त किंवा श्वासाचा अडथळा कमी करायला देतात. हाडाच्या दुखण्याला बहुतेकदा एकच सिटिंग पुरतं. तिथे आयुष्य किती वाढलं याने उपचाराचं यश मोजतच नाहीत.

तुमच्या दिरांचा प्रश्न या तिसऱ्या प्रसंगात अगदी रास्त ठरला असता. मेंदूत पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर २०१६ साली क्वार्ट्झ नावाच्या चाचणीचे निकाल आले. ५३८ रुग्ण. पूर्ण मेंदूला रेडिएशन दिलेल्यांचं मध्यक आयुष्य ९.२ आठवडे, न दिलेल्यांचं ८.५ आठवडे. तिथे न देणं हाच अनेकांसाठी चांगला निर्णय ठरतो. सासऱ्यांची अवस्था ती नाही.

आकडेमोड

वैद्यकीय संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून कॅल्क्युलेटरबद्दल लिहितो. जरा लांबेल.

वयस्कर फुफ्फुस-कॅन्सर रुग्णांसाठीचे असे बरेचसे नोमोग्राम (माहिती भरून शक्यता काढणारे तक्ते, तुमच्या कॅल्क्युलेटरसारखे) अमेरिकेच्या 'सीअर' या कर्करोग नोंदणीवरून बनवलेले असतात. ही नोंदणी १९७३ पासूनची आहे, प्रचंड मोठी आहे आणि संशोधकांना सहज मिळते. पण तिच्यात काय नाही ते बघा. रुग्ण चालता-फिरता होता का अंथरुणाला खिळलेला, याची नोंद नाही. हृदयविकार, सीओपीडी (दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार), मूत्रपिंडाचा आजार, यांचीही नोंद नाही. वजन किती उतरलं ते नाही. सिगारेट नाही. रेडिएशनचा डोस किती, किती सिटिंग पूर्ण झाल्या, तेही नाही. रेडिएशनच्या रकान्यात दोनच बाजू : एकीकडे 'दिलं', दुसरीकडे 'दिलं नाही किंवा माहीत नाही'. हो, 'नाही' आणि 'माहीत नाही' एकाच खणात.

आता तुमच्या घरातल्या भांडणाकडे येतो. रेडिएशनचा रकाना बदलल्यावर आकडा वर-खाली होतो, तो फरक रेडिएशनचा परिणाम नव्हे. ज्यांना रेडिएशन मिळालं नाही ते कोण होते? त्यांतले कित्येक जण इतके खंगलेले होते की डॉक्टरांनी उपचार सुचवलाच नाही, किंवा उपचार सुरू व्हायच्या आधीच ते गेले. आणि ज्यांची सहा आठवड्यांची सिटिंग पूर्ण झाली ते निदान तेवढे आठवडे जगलेले होतेच. म्हणजे दोन्ही गटांतली माणसं मुळातच वेगळी. कॅल्क्युलेटर 'अशी नोंद असलेल्या लोकांचं काय झालं' एवढंच सांगतो. 'याच माणसाला दिलं तर काय आणि न दिलं तर काय', हे त्याला विचारताच येत नाही. त्यासाठी किरणशलाका यांनी सांगितल्यासारख्या चाचण्या लागतात, जिथे कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं.

तेव्हा नवऱ्याचा निष्कर्ष त्या स्क्रीनवरून निघत नाही. दिरांचाही निघत नाही.

एकांडा

@आकडेमोड, पण असे शेकडो पेपर छापून येतात आणि त्यांत अचूकता ०.७, ०.७५ अशी दिलेली असते. ७० टक्के बरोबर म्हणजे काही वाईट नाही ना?

आकडेमोड

तो सी-इंडेक्स. त्याचा अर्थ ७० टक्के भाकितं बरोबर असा नाही. दोन रुग्ण उचलले आणि यांतला आधी कोण जाईल असं मॉडेलला विचारलं, तर दहांतल्या सात जोड्यांत क्रम बरोबर लागतो, एवढाच. ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक. क्रम लावता येणं आणि महिने सांगता येणं यांत मोठं अंतर आहे.

दुसरी कसोटी कॅलिब्रेशनची. ज्या शंभर जणांना मॉडेलने ४० टक्के सांगितलं, त्यांतले खरोखर चाळीसच्या आसपास हयात राहिले का? आणि हे ज्या माहितीवर मॉडेल बेतलं तिच्यावर तपासून भागत नाही. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या काळातल्या रुग्णांवर तपासायला हवं. पुष्कळ मॉडेलं तिथपर्यंत पोचतच नाहीत. असे अभ्यास कसे मांडावेत याचे ट्रायपॉड नावाचे निकष २०१५ मध्ये आले, २०२४ मध्ये त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. पेपर हातात आला की मी आधी बाहेरची पडताळणी केलीय का ते शोधतो.

सावली_उन्हाची

मला या सगळ्याचा त्रास होतो. माझ्या आईच्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या महिन्यांचा आकडा सांगितला. आई त्यापेक्षा खूप जास्त जगली. पण तो आकडा ओलांडेपर्यंतचा सगळा काळ आम्ही तिच्याकडे माणूस म्हणून बघितलंच नाही, कॅलेंडरकडे बघत होतो. तिने काही ठरवायला घेतलं की आमचे चेहरे पडायचे आणि तिला ते कळायचं.

माझं मत स्पष्ट आहे. आकडा विचारूच नये.

निवांत

सावलीताई, वाचून गलबललो.

पण थोडं वेगळं वाटतं. काकांच्या नातवाची परदेशातून यायची तयारी आहे. आत्ता यावं की उन्हाळ्यात, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कसं ठरवणार? अजिबात अंदाज नसेल तर सगळेच टाळत राहतात.

आकडेमोड

सावलीताई, चूक आकड्याची होती त्याहून तो एकटा सांगण्याची होती. मध्यक २० महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याआधी गेले, निम्मे त्यानंतर. ऑन्कॉलॉजीत एक ढोबळ रीत आहे, मध्यकावरून पल्ला काढायची. २० महिन्यांचा मध्यक असेल तर साधारण निम्मे रुग्ण १० ते ४० महिन्यांच्या दरम्यान असतात, म्हणजे मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत. दहांतला एखादा तिपटीच्या पुढे, म्हणजे पाच वर्षांपलीकडे जातो. आणि दहांतला एखादा पाव हिश्श्याच्या आत, म्हणजे पाचेक महिन्यांतच जातो. डॉक्टरांनी असा पल्ला सांगितला तर घरच्यांना तयारीही ठेवता येते आणि आशाही.

निवांत यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. नातवाने वाईट बाजूचा विचार करून लवकर यावं. चांगली बाजू खरी ठरली तर पुन्हा येता येईल.

किरणशलाका

आम्ही डॉक्टरही यात फार पटाईत नाही, हे नोंदवते. २००० साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ३४३ डॉक्टरांनी ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल अंदाज दिले. अचूक म्हणता येतील असे २० टक्के. ६३ टक्के अंदाज खऱ्यापेक्षा जास्त आयुष्य सांगणारे निघाले. आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकत होता. जीव जडला की डोळे निवळ राहत नाहीत. म्हणून मी शक्यतो एकटीने अंदाज देत नाही, टीममध्ये बोलून देते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला आणि दिरांना दोघांनाही धागा वाचायला दिलाय.

थोडी माहिती देते. सासरे घरातल्या घरात सगळं स्वतः करतात. रोज सकाळी फिरायला जातात, पण अलीकडे मध्येच टेकतात. या काही महिन्यांत कपडे बरेच सैल झालेत. बीपीची आणि मधुमेहाची गोळी आहे. सिगारेट आयुष्यभर ओढली, अजूनही अधूनमधून ओढतात. यातलं काहीच त्या कॅल्क्युलेटरने विचारलं नाही, हे आत्ता लक्षात येतंय.

पायवाट

मी वृद्धांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट. रानजाई, तुम्ही वर जे चार ओळींत लिहिलंय त्यातच निम्मा अंदाज आहे.

डॉक्टर जी ईसीओजी श्रेणी लिहितात ती हेच मोजते. ० म्हणजे पूर्ण पूर्वीसारखा. १ म्हणजे जड कामं जमत नाहीत, बाकी सगळं जमतं. २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून असतो. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत किंवा पलंगावर. ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये स्टेजखालोखाल आयुष्याशी सगळ्यात घट्ट बांधलेली हीच गोष्ट.

पण ही श्रेणी ढोबळ आहे. ७८ वर्षांची दोन माणसं दोन्ही '१' असू शकतात. त्यांतला एक जिना चढतो, दुसरा खुर्चीतून उठताना हात टेकतो. म्हणून वयस्करांसाठी जी-८ ही आठ प्रश्नांची चाचणी आहे : खाणं कमी झालंय का, वजन उतरलंय का, हालचाल कशी, स्मरणशक्ती आणि मन कसं, उंचीच्या मानाने वजन किती, औषधं तीनहून जास्त आहेत का, स्वतःची तब्येत बरोबरीच्यांच्या तुलनेत कशी वाटते, आणि वय. एकूण गुण १७. १४ किंवा कमी आले तर सविस्तर जेरियाट्रिक, म्हणजे खास वृद्धांसाठीची, तपासणी करावी असा संकेत. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. शिवाय चालण्याचा वेग, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला लागणारा वेळ, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन. हल्ली सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू किती उरलेत तेही मोजतात.

यातली मोठी गोष्ट अशी की स्टेज बदलता येत नाही, पण यातलं बरंच काही थोडंफार सावरता येतं. वजन आणि स्नायू टिकवण्यासाठी आहारतज्ज्ञ आणि व्यायाम आत्ताच सुरू करा, सिटिंग सुरू होण्याची वाट बघू नका. अन्ननलिका रेडिएशनच्या वाटेत येत असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळताना दुखतं आणि तेव्हा खाणं आणखी कमी होतं. त्याआधी अंगात जेवढं असेल तेवढं बरं.

एकांडा

म्हणजे कॅल्क्युलेटरला माणूस कळायचा तर त्याला आधी जिना चढवून बघायला हवा! :)

पायवाट

अगदी तसंच. जिना चढवून बघणं ही फुफ्फुसाच्या ऑपरेशनआधीची खरीखुरी चाचणी आहे.

एकांडा

बरं, आता गंभीर शंका. वय हा सगळ्यांत मोठा घटक नाही का? ७८ आणि ५८ एकच कसे? दुसरं, डोस वाढवला तर जास्त आयुष्य मिळतं का?

किरणशलाका

वयाचा परिणाम आहेच, पण बराचसा दुसऱ्या गोष्टींतून येतो : सोबतचे आजार, कमी झालेली फुफ्फुसाची ताकद, आणि वय बघूनच हलका उपचार देण्याची आपली सवय. शेवटचा मुद्दा मॉडेलांत मुरतो. जुन्या नोंदींत म्हाताऱ्या माणसांना कमी उपचार मिळाले, ती कमी जगली, आणि मॉडेल म्हणतं वयामुळे. मग तेच मॉडेल दाखवून पुढच्या म्हाताऱ्याला कमी उपचार. हे चक्र मला फार खुपतं. उलट चूकही होते. फक्त 'आजोबा ठणठणीत दिसतात' म्हणून पूर्ण डोसची किमो चढवली जाते आणि दुसऱ्या आठवड्यात ते ॲडमिट होतात. २०२१ मध्ये सत्तरीपुढच्या, आजार पुढे गेलेल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ती औषधोपचार घेणाऱ्यांवर होती. डॉक्टरांच्या हातात जेरियाट्रिक तपासणीचा निष्कर्ष दिला, तेव्हा गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले, आणि आयुष्य घटलं नाही.

डोसचं उत्तर : नाही. तिसऱ्या स्टेजमध्ये ६० ग्रे विरुद्ध ७४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) अशी तुलना झाली, आरटीओजी ०६१७. निकाल २०१५ मध्ये छापून आले. जास्त डोसवाल्यांचं मध्यक आयुष्य २०.३ महिने, कमी डोसवाल्यांचं २८.७. सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट. हृदयावर पडलेल्या डोसचा आयुष्याशी संबंध तिथे ठळक दिसला. तेव्हा 'हृदयाला आणि चांगल्या फुफ्फुसाला किती डोस जाणार' हा तुमच्या डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्न आहे. आयुष्याचं भाकीत काही अंशी प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरवरही घडत असतं.

गोगलगाय

अवांतर : ७८ व्या वर्षी सिगारेट सोडून काय मिळणार? माझे आजोबा हेच विचारतात.

किरणशलाका

मिळतं. २०१० मध्ये बीएमजेत उपलब्ध अभ्यास एकत्र करून एक अंदाज मांडला होता. सुरुवातीच्या स्टेजचा फुफ्फुसाचा कॅन्सर असलेला ६५ वर्षांचा माणूस ओढत राहिला तर पाच वर्षं जगण्याची शक्यता ३३ टक्के, सोडली तर ७० टक्के. गणिती अंदाज आहे, तिसऱ्या स्टेजला जसाच्या तसा लावू नका. पण दिशा स्पष्ट आहे. रेडिएशन चालू असताना तर सोडावीच.

जुना_भिडू

मी स्वतः रुग्ण आहे. वय ८१. माझी गाठ लहान होती, फुफ्फुसं खराब म्हणून ऑपरेशन नको म्हणाले, मोजक्या सिटिंगमध्ये रेडिएशन झालं. धागा वाचून एक सांगावंसं वाटतं, कारण इथे मुलं, सुना, डॉक्टर, गणितज्ञ सगळे बोलले.

मला मुलांनी काही सांगितलं नव्हतं. पण मला सगळं ठाऊक होतं. खोलीत आलो की गप्प होणारी माणसं बघून कुणालाही कळतं. मला किती वर्षं हे विचारायचंच नव्हतं. मला विचारायचं होतं की अंघोळ स्वतःची स्वतः करता येईल का, ऑक्सिजनच्या नळीला बांधून राहावं लागेल का, आणि बायकोला माझं किती उचलावं लागेल. हे त्या डॉक्टरबाईंना मी एकटा असताना विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून नीट उत्तर दिलं. त्यानंतर मी रेडिएशनला हो म्हणालो.

रानजाई, तुमचे सासरे बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना मत नाही असा काढू नका. मुलांनी आपसांत ठरवण्याआधी त्यांना विचारा.

सावली_उन्हाची

काका, नमस्कार. माझ्या आईला आम्ही हे कधीच विचारलं नाही. मी वर 'आकडा विचारूच नये' लिहिलं होतं. आता असं म्हणते की आकडा हवा की नको हे रुग्णाने ठरवावं.

पायवाट

जुना_भिडू यांच्या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. २००२ साली साठीपुढच्या २२६ गंभीर आजारी लोकांना विचारलं होतं. कॅन्सर, हृदय निकामी होणं, सीओपीडी असे आजार. उपचाराने जीव वाचेल पण हातपाय पार निकामी होतील, असं असेल तर ७४ टक्के लोकांनी तो उपचार नको म्हटलं. बुद्धी जाणार असेल तर जवळपास ८९ टक्क्यांनी. आणि आपली सगळी मॉडेलं मोजतात फक्त हयात आहे की नाही. सहा महिन्यांनी स्वतःच्या पायांवर असेल का, याचं भाकीत करणारी फारच थोडी.

गोगलगाय

अजून एक अवांतर. माझ्या आजीने डॉक्टरांना सांगितलं होतं, "किती दिवस उरलेत ते राहू दे बाळा, माझे केस जाणार का तेवढं सांग." डॉक्टर हसले आणि म्हणाले, छातीच्या रेडिएशनने डोक्याचे केस जात नाहीत, जिथे किरण पडतात तिथलेच जातात. आजी लगेच सही करायला तयार!

निवांत

आजींना दंडवत. :)

आकडेमोड

एक मुद्दा राहिला, आणि तो रानजाईंच्या बाजूने आशेचा आहे. नोंदणीवरची मॉडेलं जुन्या काळाची असतात. तिसऱ्या स्टेजमध्ये किमो-रेडिएशननंतर आजार वाढलेला नसेल तर वर्षभर डुर्व्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध देण्याची पॅसिफिक चाचणी झाली. पाच वर्षांनी हयात : औषध घेतलेले ४२.९ टक्के, न घेतलेले ३३.४ टक्के. गाठीच्या पेशींत ईजीएफआर या जनुकाचा बदल असणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये लॉरा चाचणी आली. आजार पुन्हा न वाढता गेलेला मध्यक काळ ऑसिमर्टिनिब या गोळीने ३९.१ महिने, एरवी ५.६. ज्या मॉडेलात २०१५ पर्यंतचे रुग्ण आहेत, त्याला यातलं काहीच माहीत नाही. अर्थात ७५ च्या पुढचे लोक अशा चाचण्यांत कमीच असतात, त्यामुळे हे आकडेही उचलून सासऱ्यांना चिकटवता येणार नाहीत. पण बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) तपासलंय का, हे जरूर विचारा.

किरणशलाका

+१. आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, डॉक्टरांना आत्तापासून सोबत घ्या. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते हा समज जायला हवा. २०१० च्या एका चाचणीत, पसरलेल्या नॉन-स्मॉल सेल कॅन्सरमध्ये ती सुरुवातीपासून दिलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य ११.६ महिने आलं, नेहमीच्या पद्धतीत ८.९. त्रास कमी आणि मनही बरं राहिलं.

रानजाई

मधल्या काळात बरंच घडलं, म्हणून परत आलेय.

जुना_भिडू काकांचं लिहिलेलं मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरांकडे मला आत जाऊ द्या, तुम्ही नंतर या." तसंच केलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या : खाटेला खिळवणारं काही नको, पण खोकला आणि दम कमी होणार असेल तर सहा आठवडे यायची तयारी आहे. आकडा त्यांना नको होता. आम्हाला सांगायला त्यांनी परवानगी दिली. डॉक्टरांनी पल्लाच सांगितला, वाईट बाजू, मधली आणि चांगली. सोबत हेही की दर आठवड्याला बघू, आणि तब्येत ढासळली तर थांबवणं किंवा कमी करणं हा पर्याय शेवटपर्यंत खुला आहे.

जी-८ मध्ये गुण कमी आले. त्यामुळे वृद्धतज्ज्ञांनी सविस्तर तपासलं, एक औषध बंद केलं, आहार लिहून दिला. किमोचा निर्णय मूत्रपिंडाचा रिपोर्ट आल्यावर. बायोप्सीवरच्या ईजीएफआर जनुकाचा रिपोर्ट यायचाय. सिगारेट त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवलीय. आणि ज्यांना ने-आण नको वाटत होती त्या दिरांनीच ती अंगावर घेतलीय.

आता एक प्रश्न. उपचार संपल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं?

किरणशलाका

फार छान झालं.

संपल्यानंतरचे सहा महिने डोळ्यांत तेल घालून सांभाळा. त्यांतही पहिले तीन जास्त महत्त्वाचे. या काळात कोरडा खोकला, वाढता दम किंवा हलका ताप आला तर 'आजार वाढला' असं समजून घरी बसू नका, आणि साधी सर्दी म्हणून सोडूही नका. रेडिएशनमुळे फुफ्फुसाला सूज येऊ शकते, तिला न्यूमोनायटिस म्हणतात. वेळेत ओळखली तर बहुतेकदा स्टेरॉइडने आवरते. वयस्कर रुग्णांत उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं. आधीच्या सीटीमध्ये इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे फुफ्फुसात जाळीसारखे व्रण, असं काही लिहिलं असेल तर हे सिटिंग सुरू व्हायच्या आतच डॉक्टरांच्या नजरेस आणा. त्यात धोका बराच वाढतो आणि प्लॅन बदलावा लागू शकतो.

आणि मधुमेह आहे म्हणालात, तर स्टेरॉइड सुरू झालं की साखर घरी रोज मोजा.

रानजाई

जुना सीटीचा रिपोर्ट काढून बघते आणि उद्याच डॉक्टरांना दाखवते.